चावीचे घड्याळ आणि सेकंदाचा हिशेब

आमचा धंदा कापडाचा, घड्याळाचा नाही. तरीही या पानावर आज घड्याळाविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत चावीच्या घड्याळाला पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. जी एच.एम.टी. कालपर्यंत घड्याळजीच्या पत्र्याच्या डब्यात पार्ट काढण्यासाठी पडून असायची, तिला आज पुसून-घासून काचेच्या कपाटात जागा मिळते. कॉलेजात शिकणारी मुले आजोबांचे बंद पडलेले घड्याळ रुमालात बांधून आणतात आणि "चाचा, हे चालू होईल का?" असे विचारतात. या धंद्यात आपली माणसे पुष्कळ आहेत. कोणी दुरुस्ती करतो, कोणी जुना माल गोळा करतो, कोणी डायल रंगवतो, कोणी पट्टे विकतो. म्हणून या धंद्यातील एक प्रश्न व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडावासा वाटतो.

प्रश्न साधा आहे. चावीचे घड्याळ घालणाऱ्याला अचूक वेळेची पर्वा असते काय? असली तर किती?

कपड्याच्या खरेदीसाठी मुंबईला मंगलदास मार्केटात गेलो की सवड काढून आम्ही चोरबाजारातही एक फेरी मारतो. तेथे जुनी घड्याळे विकणाऱ्यांना हा प्रश्न विचारला तर ते हसतात. "सेठ, टाइम तर लोक मोबाईलमध्ये बघतात. घड्याळ शौकासाठी घालतात. दोन मिनिटे इकडे-तिकडे झाली तर कोण विचारतो?" हाच प्रश्न आम्ही सोलापुरात परतल्यावर दुरुस्तीला बसणाऱ्या एका उस्तादांना विचारला. त्यांनी डोळ्याचे भिंग न काढता उत्तर दिले, "भाई, विकणाऱ्याला कोणी विचारत नाही. विचारायला सगळे माझ्याकडेच येतात. तिसऱ्या दिवशी येतात."

आमच्या मते दोघेही खरे बोलतात. विकत घेताना गिऱ्हाईक तबकडी पाहते, नाव पाहते, भाव पाहते, फार तर कानाला लावून टिकटिक ऐकते. अचूकपणा त्या वेळी दिसतच नाही. तो घरी गेल्यावर दिसतो.

दहा सेकंद म्हणजे किती?

अचूकपणाची गोष्ट सेकंदांत केली की आपल्या लोकांना ती नीट कळत नाही. म्हणून आम्ही ती गजाच्या, म्हणजे आता मीटरच्या भाषेत सांगतो. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळ दिवसाला दहा सेकंद पुढे गेले तर चूक झाली ८,६४० मध्ये एक. शंभर मीटरचे थान मोजताना सव्वा सेंटीमीटरपेक्षाही कमी फरक पडावा, तशी ही चूक आहे. दिवसाला पूर्ण एक मिनिट फरक पडला तरी शंभर मीटरमागे तो सात सेंटीमीटर होतो. कापडाच्या बाजारात एवढ्या फरकासाठी थान परत करणारा गिऱ्हाईक आम्ही अजून पाहिलेला नाही. आणि घड्याळ बिचारे एवढ्या फरकाला 'खराब' ठरते.

हे काम घड्याळ कसे करते ते पाहिले तर नवल वाटते. चावी दिली की आत मेन स्प्रिंग आवळली जाते. तिची ताकद चाकांच्या साखळीतून पुढे जाते आणि शेवटी बॅलन्स नावाच्या छोट्या चाकापाशी पोहोचते. हे चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, जिला आपले कारागीर बालकमानी म्हणतात, मागे-पुढे डोलत राहते. एच.एम.टी.च्या जुन्या चावीच्या मशीनमध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ४ लाख ३२ हजार. वर्षाला पावणेसोळा कोटी. त्यातही हात हलतो, घाम येतो, ऊन-थंडी असते, स्कूटरचे धक्के असतात. एवढे सगळे सोसून ज्या यंत्रात एकही तार, एकही सेल नाही, त्याची चूक दिवसाला मिनिटाच्या आत राहते.

मग फरक पडतो कशाने? पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ कसे ठेवले आहे ती. तबकडी वर करून टेबलावर ठेवले तर बॅलन्सचा भार आसाच्या टोकावर येतो आणि घर्षण कमी राहते. मनगटावर ते उभे-आडवे होते, तेव्हा भार आसाच्या कडेवर येतो, घर्षण वाढते, डोलणे कमी होते. एकाच घड्याळाची टेबलावरची चाल वेगळी आणि हातावरची वेगळी असते, ती यामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे चावी किती शिल्लक आहे. सकाळी पूर्ण चावी दिलेले घड्याळ आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थकलेले घड्याळ यांच्या चालीत फरक पडतो. म्हणून जुनी माणसे रोज ठरल्या वेळी चावी देत, त्यात शहाणपण होते. तिसरी गोष्ट लोहचुंबक. मोबाईलच्या कव्हरमध्ये, स्पीकरमध्ये, बायकांच्या पर्सच्या बटणात आज चुंबक असते. बालकमानीला चुंबक लागले की घड्याळ एकाएकी धावू लागते, कधी दिवसाला कित्येक मिनिटे. असे घड्याळ उघडून रेग्युलेटर फिरवत बसू नये. आधी चुंबक उतरवण्याच्या छोट्या मशीनवर धरावे; बहुधा तेवढ्यानेच काम होते. आणि चौथी गोष्ट तेल. तेल वाळले की सगळे बिघडते. पाच वर्षांत एकदा घड्याळ खोलून धुऊन तेल द्यावे, हे कोणताही जाणता कारागीर सांगेल. उष्णतेचा त्रास पूर्वी मोठा होता, कारण पोलादाची बालकमानी उन्हात सैल पडे. गियोम नावाच्या शास्त्रज्ञाने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की हा त्रास बराच कमी झाला. त्यांना १९२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले.

ज्यांना खरोखर गरज होती

एक काळ असा होता की अचूक वेळ ही शौकाची गोष्ट नव्हती. १८९१ साली अमेरिकेत ओहायो राज्यात किप्टन येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि माणसे मेली. एका गाडीवरच्या माणसाचे घड्याळ चार मिनिटे मागे राहिले होते, असे सांगितले जाते. त्यानंतर वेब बॉल नावाच्या घड्याळ-व्यापाऱ्याला तपासणीची पद्धत बसवण्याचे काम देण्यात आले, आणि पुढे रेल्वेच्या घड्याळाला आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त फरक चालणार नाही असा दंडक आला. म्हणजे दिवसाला चार-सव्वाचार सेकंद. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही अट आजही पुष्कळ घड्याळांना पुरी करता येत नाही.

आपल्याकडे एवढी कडक पद्धत सामान्य माणसाला कधी लागली नाही. आमच्या सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की गावाची वेळ ठरे. कामगाराच्या हातात घड्याळ असो वा नसो, भोंगा सर्वांना सारखा. ज्यांच्याकडे घड्याळ होते ते रेडिओवरच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर ते मिळवून घेत. त्यामुळे घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडले तरी कोणाचे अडत नसे. रोज सकाळी चावी देताना काटा सरकवला की झाले. आजही कित्येक घरांत भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम पाच मिनिटे पुढे ठेवलेले असते. घरातल्या सर्वांना ते ठाऊक असते, तरी सर्व जण ते पाहूनच घाई करतात. माणसाला अचूक वेळेपेक्षा उपयोगी वेळ हवी असते, याचा याहून चांगला पुरावा आमच्याकडे नाही.

एक जागा मात्र अशी होती आणि आहे की जेथे मिनिटाला किंमत आहे. रमजानमध्ये सहरीची शेवटची वेळ आणि इफ्तारची वेळ. मोबाईल नव्हता तेव्हा मोहल्ल्यात ज्याचे घड्याळ 'बरोबर' म्हणून प्रसिद्ध असे, त्याच्याकडे लोक पाहत. आमच्या मोहल्ल्यात असे एक घड्याळ होते, वेस्ट एंडचे. वेस्ट एंड ही १८८६ पासून मुंबईत रुजलेली स्विस कंपनी. फौजेत आणि आखाती मुलखांत तिचे नाव मोठे. ते घड्याळ फार अचूक होते असे नाही. त्याच्या मालकाला ते रोज किती पुढे जाते हे पक्के ठाऊक होते आणि त्यांनी ते रेडिओवर मिळवण्यात कधी कुचराई केली नाही, म्हणून लोकांचा विश्वास होता. वेळापत्रक छापणारेही शहाणे; ते एहतियात म्हणून दोन-तीन मिनिटे हातची राखतच आले आहेत.

क्वार्ट्ज आले आणि शर्यत संपली

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सीको कंपनीने अॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्ज मनगटी घड्याळ विक्रीला काढले. महिन्याला पाच सेकंदांचा फरक! किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळात एखाद्या छोट्या मोटारीएवढी. पण दहा-पंधरा वर्षांत तीच करामत रस्त्यावरच्या हातगाडीवर आली. आज साध्यातले साधे सेलचे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या आत राहते. लाखो रुपयांचे स्विस चावीचे घड्याळही या बाबतीत त्याच्यापुढे हरते. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास या धंद्यात सुमारे ९० हजार माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस-बत्तीस हजारांवर आली. हातमाग आणि यंत्रमाग दोन्ही पाहिलेल्या आपल्या लोकांना हे आकडे समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतात तीच कथा जरा उशिरा घडली. एच.एम.टी.ने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली होती. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन ही नावे घराघरांत गेली. लग्नात जावयाला एच.एम.टी. देणे हा रिवाजच पडला होता. क्वार्ट्ज घड्याळे एच.एम.टी.नेही काढली, पण तिचा मुख्य जोर चावीच्या घड्याळावरच राहिला. १९८७ साली टायटन क्वार्ट्ज घेऊन बाजारात उतरली आणि पाहता पाहता गिऱ्हाईक तिकडे वळले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. आश्चर्य असे की, बंद होण्याच्या बातमीबरोबर तिला मागणी वाढली. जे घड्याळ दुकानात धूळ खात होते त्यासाठी लोक शोध घेऊ लागले.

म्हणजे वेळ सांगण्याची नोकरी चावीच्या घड्याळाकडून सुटली, पण घड्याळ राहिले. आता त्याच्याकडून लोक काय मागतात?

तीन तऱ्हेचे गिऱ्हाईक

आम्ही जेवढे पाहिले त्यावरून सांगतो. एक गिऱ्हाईक वयस्क आहे. त्यांच्याकडे एकच घड्याळ, वीस-तीस वर्षे हातावर. कोणी आखातातून आणलेले सीको फाइव्ह, कोणी लग्नातले एच.एम.टी. त्यांना घड्याळाची चाल पाठ असते. 'हे रोज अर्धा मिनिट पुढे जाते' असे ते मुलाच्या स्वभावाविषयी बोलावे तसे बोलतात. त्यांची तक्रार नसते. पण तेच घड्याळ एका आठवड्यात अर्ध्या मिनिटावरून दोन मिनिटांवर गेले की ते बेचैन होतात आणि उस्तादांच्या टपरीवर हजर होतात.

दुसरे गिऱ्हाईक जमा करणारे. त्यांच्याकडे दहा, वीस, पन्नास घड्याळे. आज एक घातले, उद्या दुसरे. चावीचे घड्याळ एका दिवसानंतर तसेही थांबते. पुन्हा घालताना मोबाईल पाहून काटा लावायचा. अशा माणसाला दिवसाला वीस सेकंदांचा फरक कळणार कसा? आणि कित्येक जुन्या घड्याळांत चावी ओढली तरी सेकंदाचा काटा थांबत नाही, म्हणजे सेकंदाला सेकंद जुळवण्याची सोयच नाही. तरीही गंमत पाहा, चालीची चर्चा सर्वांत जास्त हेच लोक करतात.

तिसरे गिऱ्हाईक महाग माल घेणारे. त्यांना वेळेची गरज सर्वांत कमी, पण सेकंदाचा हट्ट सर्वांत जास्त. ते मोबाईलवर अॅप टाकून आपल्या घड्याळाची चूक मोजतात. यात आम्हाला हसण्यासारखे काही वाटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सी.ओ.एस.सी. नावाची तपासणी संस्था आहे. ती प्रत्येक मशीन पंधरा दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश अशा तीन तापमानांत तपासते. दिवसाची सरासरी चाल उणे चार ते अधिक सहा सेकंदांत असेल तरच क्रोनोमीटर हा दाखला मिळतो. ज्याने या दाखल्याचे पैसे मोजले, तो दाखला खरा आहे का हे तपासणारच. आम्हीही 'शंभर टक्के सुती' असे छापलेल्या कापडाचा एक धागा काढून जाळून पाहतोच की. उलट, सीकोचे एन.एच. ३५ हे स्वस्त आणि मजबूत ऑटोमॅटिक मशीन आज जगभरच्या लहान-मोठ्या कंपन्या वापरतात. त्याची कंपनीनेच सांगितलेली हद्द दिवसाला उणे वीस ते अधिक चाळीस सेकंद आहे. ते घेणारा तक्रार करत नाही. त्याला तेवढेच सांगितले होते.

वरच्या दोन्ही आकड्यांत एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. पुढे जाण्याची सूट जास्त, मागे पडण्याची कमी. सारे कारागीर घड्याळ जरासे पुढेच लावून देतात. पुढे जाणाऱ्या घड्याळाचा मालक स्टेशनवर लवकर पोहोचतो. मागे पडणाऱ्याचा मालक गाडीचा शेवटचा डबा पाहतो.

कापड आटते, पण किती?

आता मुख्य गोष्ट. आमच्या समजुतीप्रमाणे चावीच्या घड्याळाच्या मालकाला 'अचूक' घड्याळ नको असते, 'एकचालीचे' हवे असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक घड्याळ रोज पंचवीस सेकंद पुढे जाते, आज, उद्या, परवा, तेवढेच. दुसरे आज पाच सेकंद पुढे, उद्या चाळीस मागे, परवा तीस पुढे. आठवड्याची सरासरी काढली तर दुसरे घड्याळ कदाचित पहिल्यापेक्षा 'अचूक' निघेल. पण कोणताही जाणता माणूस पहिलेच घेईल. पहिल्याचा दोष रेग्युलेटरची कांडी केसभर सरकवली की जातो. दुसऱ्याचा दोष आत आहे. तेल वाळले आहे, आस झिजला आहे, बालकमानी वाकली आहे किंवा मेन स्प्रिंग थकली आहे.

कापडाचे तसेच आहे. सुती कापड धुतल्यावर आटते, हा ऐब नाही, तो सुताचा स्वभाव आहे. मीटरमागे किती आटते हे दुकानदाराने सांगितले तर शिंपी तेवढे जास्त कापतो आणि सदरा बरोबर बसतो. ऐब तेव्हा होतो जेव्हा एकाच थानाचा एक तुकडा कमी आटतो आणि दुसरा जास्त. किंवा आटणे ठाऊक असून दुकानदार गप्प बसतो.

समुद्रावर हीच गोष्ट दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी सिद्ध झाली. इंग्लंडच्या जॉन हॅरिसनचे चौथे घड्याळ १७६१ च्या अखेरीस जहाजातून जमैकाला पाठवले गेले. ८१ दिवसांनंतर त्याची चूक अवघी पाच सेकंदांच्या आसपास भरली, अशी त्याची कीर्ती आहे. पण ही पाच सेकंदे घड्याळ रोज ठराविक प्रमाणात मागे पडते हे वजा घालून काढलेली होती. ते मागे पडत होते. परंतु एकसारखे पडत होते. पुढे जहाजावरच्या प्रत्येक क्रोनोमीटरबरोबर त्याच्या रोजच्या फरकाची नोंद ठेवण्याची पद्धत पडली. खलाशी रोजच्या हिशेबात तो फरक वजा करत आणि खोल समुद्रात आपली जागा शोधत. चुकीच्या घड्याळावर जहाजे बरोबर जागी पोहोचली, कारण चूक माहीत होती.

'मुंबई स्पेशल'

आता आपल्या घराकडे येतो. परदेशातल्या घड्याळ-शौकिनांच्या तोंडी एक शब्द आहे, 'मुंबई स्पेशल'. हा स्तुतीचा शब्द नाही. जुन्या घड्याळावर भडक रंगाची नवी तबकडी, तिच्यावर मूळ कंपनीने कधी न छापलेली नक्षी, चार मशीनचे पार्ट जोडून केलेले एक मशीन, आणि वर 'ओरिजिनल, सर्व्हिस केलेले' असे लेबल. अशा भारतातून जाणाऱ्या मालाला ते हे नाव देतात. एच.एम.टी., फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, सीको, कोणतेच नाव यातून सुटलेले नाही.

या शब्दाने आम्हाला दुःख होते. कारण असे की, तो माल बनवणाऱ्या हातात हुनर आहे. मोडलेल्या आसाच्या जागी आस बसवणे, वाकलेली बालकमानी चिमट्याने सरळ करणे, तांदळाच्या दाण्याएवढ्या तबकडीच्या अक्षरांवर रंग भरणे हे काम येरागबाळ्याचे नाही. परदेशात याच कामाचे किती पैसे पडतात हे त्या कारागिरांना कळले तर त्यांना झोप येणार नाही. पण बाजाराने त्यांना सांगून ठेवले आहे की गिऱ्हाईक तबकडी पाहते, चाल पाहत नाही. म्हणून मेहनत तबकडीवर होते. मशीनला पेट्रोलमध्ये बुडवून दोन थेंब तेल टाकले, टिकटिक सुरू झाली, माल तयार. पहिल्या आठवड्यात ते चालते. मग घड्याळ मागे पडू लागते आणि त्याबरोबर साऱ्या बाजाराची पतही.

नवी तबकडी लावणे हा गुन्हा नाही. जुन्या पैठणीच्या काठाला नवे कापड जोडतात, तसे ते आहे. मूळ म्हणून विकणे हा गुन्हा आहे. मालातील ऐब सांगून विकावा ही तिजारतीची पहिली तालीम आपल्याला घरातच मिळालेली असते. येथे तिची उजळणी करत नाही. आम्ही फक्त नफ्याचा हिशेब सांगतो. परदेशातला गिऱ्हाईक आज जुने घड्याळ घेताना फोटोबरोबर एक गोष्ट मागतो: टाइमग्राफर मशीनवरचा आकडा. ज्याच्याकडे तो आकडा दाखवण्यासारखा आहे, त्याचा माल तबकडी साधी असली तरी चांगल्या भावाने जातो. म्हणजे विकताना जो प्रश्न 'कोणी विचारत नाही' असे चोरबाजारात आम्हाला सांगितले गेले, तो प्रश्न दूरचा गिऱ्हाईक पैसे देण्याआधी विचारतो आहे.

हे मशीन आता काही हजार रुपयांत मिळते. घड्याळ त्याच्या चिमट्यात ठेवले की ते टिकटिक ऐकते आणि तीन आकडे देते. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे. बॅलन्स किती अंश डोलते. आणि दोन ठोक्यांमधला फरक किती. पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून डोलणे २७० ते ३०० अंश असेल तर मशीन तंदुरुस्त समजावे. जुन्या १८,००० ठोक्यांच्या मशीनला २३०-२४० सुद्धा वाईट नाही. २०० च्या खाली आले तर चाल कितीही बरोबर दिसो, ते घड्याळ खोलावे. एक गोष्ट सांभाळावी. मशीनमध्ये 'लिफ्ट अँगल' म्हणून एक आकडा आधी भरावा लागतो. बहुतेक जण ५२ वर ठेवून देतात. हा आकडा प्रत्येक कॅलिबरचा वेगळा असतो. तो चुकला तर डोलण्याचा आकडा खोटा येतो, चालीचा मात्र बरोबर येतो.

सोलापूरच्या त्या उस्तादांनी असे मशीन घेतले आहे. सुरुवातीला त्यांच्या मुलाचा आग्रह होता, त्यांचा नव्हता. "चाळीस वर्षे कानाने ऐकून काम केले, आता हा डबा मला शिकवणार?" असे ते म्हणत. आता ते गिऱ्हाइकासमोरच घड्याळ त्यावर ठेवतात. काम सुरू करण्याआधीचा आकडा आणि काम झाल्यानंतरचा आकडा. मजुरीवरून होणारी घासाघीस त्यामुळे कमी झाली, असे त्यांचा मुलगा सांगतो. पूर्वी गिऱ्हाईक म्हणे, "नुसते उघडून बंद केले, त्याचे इतके पैसे?" आता काय झाले ते त्याला डोळ्याने दिसते.

पण मशीनचा मिनिटभराचा आकडा म्हणजे दिवसभराची चाल नव्हे. म्हणून उस्ताद दुसरी गोष्टही करतात, आणि ती प्रत्येक विक्रेत्याला बिनखर्ची करता येईल. घड्याळ सात दिवस जवळ ठेवायचे. रोज एका ठरल्या वेळी, समजा जोहरनंतर, पूर्ण चावी द्यायची आणि मोबाईलच्या वेळेशी ताडून किती सेकंद फरक पडला ते कागदावर लिहायचे. चार दिवस टेबलावर, तीन दिवस हातावर. सात आकड्यांचा तो कागद घड्याळाबरोबर गिऱ्हाइकाला द्यायचा. त्याच कागदावर तबकडी मूळची की नवी, पार्ट बदलले ते कोणते, तेल कोणत्या महिन्यात दिले, एवढे लिहायचे. रात्री कोणत्या कुशीवर ठेवले तर घड्याळ किती पुढे किंवा मागे जाते हेही काही कारागीर लिहून देतात. दिवसाची चूक रात्री ठेवण्याच्या पद्धतीने भरून काढता येते हे नव्या मुलांना ठाऊक नसते, आणि कळले की त्यांना फार मजा वाटते.

सात आकडे जवळजवळ सारखे आले तर ते पंधरा असोत की पस्तीस, घड्याळ रोजच्या वापराला द्यायला हरकत नाही. आकडा सांगून द्यावे आणि जास्त असेल तर रेग्युलेटरने कमी करून द्यावे. आकडे एक दिवस पुढे, एक दिवस मागे असे उड्या मारत असतील तर ते पुन्हा खोलावे. खोलूनही बसत नसेल, झिजलेला पार्ट मिळत नसेल, तर शोकेसचा माल म्हणून शोकेसच्या भावाने विकावे आणि कागदावर तसे लिहावे.